मांडवातील बोलणे आणि ऐकणे : भंडारा जिल्ह्यातील लोकरंगभूमीचा एक विचार

१

'उपेक्षितांना आवाज देणारी रंगभूमी' हा शब्दप्रयोग मराठी नाट्यसमीक्षेत आता इतका रुळला आहे, की त्यात गृहीत धरलेल्या गोष्टी सहसा तपासल्या जात नाहीत. त्यातील पहिले गृहीत असे, की उपेक्षितांजवळ स्वतःचा आवाज नसतो आणि तो त्यांना कोणीतरी मिळवून द्यावा लागतो. दुसरे असे, की आवाज एकदा चारचौघांत उमटला म्हणजे तो ऐकला जातोच. पहिल्या गृहीताची चिकित्सा दलित साहित्याच्या चळवळीने पुरेशा स्पष्टपणे केलेली आहे. दुसऱ्याकडे मात्र आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात वंचितांच्या बोलण्याविषयी जो प्रश्न विचारला, त्याचा रोखही वंचितांच्या मुकेपणाकडे नव्हता. त्यांचे बोलणे 'बोलणे' म्हणून ग्रहण करणारी व्यवस्था अस्तित्वात आहे का, याकडे होता. हा प्रश्न रंगभूमीच्या संदर्भात विचारला, तर समीक्षेचे लक्ष संहितेवरून आणि नटावरूनही काहीसे सरकून समोर बसलेल्या समूहाकडे वळवावे लागते.

प्रस्तुत लेखात हा विचार भंडारा जिल्ह्याच्या लोकरंगभूमीच्या संदर्भात करावयाचा आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण उघड आहे. शहरांतील प्रायोगिक किंवा चळवळीच्या रंगभूमीला प्रत्येक प्रयोगासाठी आपला प्रेक्षक शोधावा लागतो. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र प्रेक्षक आधीपासूनच जमलेला असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा जो भूभाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, तेथे दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर दंडार, खडी गंमत आणि नाटक होत असते. (गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, रंगभूमीच्या दृष्टीने हे विभाजन केवळ नकाशावरचे आहे.) पंचक्रोशीतील बहुतेक सर्व जाती-जमाती या निमित्ताने एका जागी येतात. समूहनिष्ठ रंगभूमीचे पुरस्कर्ते ज्या सार्वजनिक अवकाशाची अपेक्षा करतात, तो येथे परंपरेनेच सिद्ध आहे. म्हणूनच त्याच्या मर्यादाही येथे अधिक स्पष्टपणे तपासता येतात.

२

मंडई या शब्दाने पुण्या-मुंबईच्या वाचकासमोर भाजीबाजार उभा राहतो. झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावाने ठरविलेल्या दिवशी भरणारी जत्रा. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरे घरी येतात, दुकाने लागतात, आणि रात्री मांडव गजबजतो. पुढे हिवाळ्यात बैलांच्या शर्यती, म्हणजे शंकरपट भरतात. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी त्यांची जोड पडून गेलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निर्णयाने या शर्यती थांबल्या, २०२१च्या अखेरीस त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३मध्ये घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. मधल्या वर्षांत पट नव्हते, तरी नाटके चालूच राहिली. प्रयोग हा येथे एका मोठ्या लोकमेळ्याचा भाग असला, तरी त्या मेळ्याला स्वतःच्या बळावर धरून ठेवण्याची शक्तीही त्यात आहे, एवढे यावरून म्हणता येईल. सोयरिकी जुळतात त्या याच रात्री. प्रेक्षक येतो तो केवळ नाटक पाहायला नव्हे. तो माणसे पाहायला आणि माणसांना दिसायला येतो.

या मेळ्यातील सर्वांत जुना नाट्याविष्कार दंडार हा आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबरच दंडारीचाही अभ्यास केला आणि या प्रकाराला 'तमाशाचे ग्रामीण रूप' अशा सैल वर्णनातून बाहेर काढले. खडी, बैठी आणि परसंगी असे तिचे प्रकार सांगितले जातात. परसंगी दंडारीत प्रसंग उभे केले जातात. पण त्यांना लिखित संहितेचे बंधन नसते. कथेचा सांगाडा ठाऊक असलेले गावातीलच गडी बोलणे जागच्या जागी रचतात. नट हा सकाळी शेतात भेटणारा माणूस असतो. प्रेक्षकाला त्याचे घर, त्याची जात, त्याचे कर्ज हे सारे माहीत असते. त्यामुळे भूमिका आणि व्यक्ती यांच्यातील अंतर येथे कधीच पुरते नाहीसे होत नाही. ब्रेश्टला जे अंतर प्रयत्नपूर्वक निर्माण करावे लागले, ते येथे गावच्या ओळखीतून आपोआप येते.

मात्र याच ठिकाणी दंडारीविषयीच्या स्वप्नाळू कल्पनांपासून सावध राहणे आवश्यक आहे. ज्या ओळखीमुळे प्रयोग जिवंत होतो, तीच ओळख बोलण्याला मर्यादाही घालते. सावकाराची नक्कल करणाऱ्या गड्याला दुसऱ्या दिवशी त्याच सावकाराच्या दारात उभे राहावयाचे असते. शिवाय दंडार परंपरेने पुरुषांचीच. तिच्यात स्त्री असते ती लुगडे नेसलेल्या पुरुषाच्या रूपाने. स्त्रीचे सोंग रिंगणाच्या मध्यभागी नाचते आणि प्रत्यक्ष स्त्री रिंगणाबाहेर मुलाला मांडीवर घेऊन बसते. दंडार हा समूहाचा आविष्कार आहे हे खरे. परंतु 'समूह' या शब्दात कोणाकोणाचा अंतर्भाव होतो, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

३

दंडारीशेजारी खडी गंमत उभी आहे. गण, गवळण, लावणी, वग हा तिचा सांगाडा तमाशाशी नाते सांगणारा. स्त्रीभूमिका नाच्या करतो. आणि तिचा प्राण म्हणजे कलगी-तुऱ्याचा झगडा. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकाने घातलेला सवाल दुसऱ्याने सोडवावयाचा असतो. सवाल बहुधा पुराणातला किंवा अध्यात्मातला असतो. त्याच्या आशयात बंडखोरी शोधू गेल्यास फारसे हाती लागणार नाही. पण रचनेकडे पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते : या प्रकारात ऐकणे ऐच्छिक नाही. समोरच्याने काय विचारले ते नीट ऐकल्यावाचून उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता आले नाही तर सर्वांदेखत हार पत्करावी लागते. श्रोत्याला उत्तरदायी करणारा हा घाट आहे. या मुद्द्याकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

तिसरा प्रकार नाटकाचा. झाडीपट्टी रंगभूमी असे आज म्हटले जाते, तेव्हा प्रामुख्याने हाच अभिप्रेत असतो. आरंभी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवीत. पुढे स्त्रीभूमिकांसाठी बाहेरून नटी आणण्याची रीत पडली. आणि क्रमाक्रमाने संपूर्ण प्रयोगच व्यावसायिक कंपनीकडून ठरवून घेतला जाऊ लागला. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या कंपन्यांचे केंद्र झाले. गावचे मंडळ कंपनीशी व्यवहार ठरविते, मांडव उभारते, तिकिटे विकते. उरलेला पैसा अनेकदा गावाच्या कामी लागतो. बाहेरच्या अनुदानावाचून, वृत्तपत्रांच्या परीक्षणावाचून, हजारो माणसांना रात्रभर बसवून ठेवणारी अशी रंगभूमी उर्वरित महाराष्ट्रात आज क्वचितच असेल. २०२०च्या साथीने हंगाम बुडाला, तेव्हा नट, वादक, मांडववाले, चहाचे टपरीवाले अशा किती घरांची चूल या रंगभूमीवर पेटते हे सर्वांच्या ध्यानात आले.

या स्थित्यंतरात ध्वनिवर्धक आला, विजेचे दिवे आले, उंच रंगमंच आला, खुर्ची आणि जमीन असे तिकिटाचे भेद आले. आवाज वाढला. पण कोणाचा? गावचा गडी रंगमंचावरून उतरला आणि प्रेक्षकांत जाऊन बसला. दंडारीत जो वेळप्रसंगी बोलू शकत होता, तो आता तिकीट काढून ऐकू लागला. ध्वनिवर्धकामुळे शब्द मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला, हे खरे. मात्र शेवटच्या माणसाचा शब्द रंगमंचापर्यंत पोहोचण्याची वाट अधिक लांब झाली. 'आवाज बुलंद करणे' या प्रतिमेतील फसगत येथे अगदी शब्दशः दिसते. जो आवाज बुलंद होतो, तो ज्याच्या हाती साधन आहे त्याचा.

याचा दुसरा पैलूही नोंदविला पाहिजे. या व्यावसायिक रंगभूमीनेच स्त्रीला प्रथम प्रत्यक्ष रंगमंचावर आणले आणि तिला कामाचे पैसे दिले. हंगामात रात्रीमागून रात्री प्रवास करणारी ही नटी पडद्यामागे कोणत्या अटींवर जगते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तरीही दंडारीच्या निखळ पुरुषी रिंगणाशी तुलना करता हे पाऊल पुढचेच मानावे लागेल. शेतकऱ्याची आत्महत्या, हुंडा, दारू, जमिनीचे तंटे हे विषयही याच नाटकांनी मांडवात आणले. तेव्हा 'पूर्वीचे लोकनाट्य अस्सल आणि आजचे धंदेवाईक' अशी सोपी विभागणी करून चालणार नाही. प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे : विषय म्हणून उपेक्षित माणूस रंगमंचावर आला, पण बोलणारा म्हणून तो कोठे उभा आहे?

४

या प्रश्नाचे एक उत्तर भाषेत सापडते. झाडीबोली ही या मुलखाची रोजची बोली. तिच्यात 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो. पाण्याचे 'पानी' होते, डोळ्याचा 'डोरा' होतो. शाळेच्या वहीत हीच रूपे लाल शाईने खोडली जातात. झाडीपट्टीच्या नाटकात मात्र या बोलीला जागा आहे, आणि ती कोणती हे पाहण्यासारखे आहे. नायक, नायिका, त्यागी माता, खलनायक यांचे गंभीर संवाद प्रायः प्रमाण मराठीत असतात. त्यांत जुन्या संगीत नाटकाचा आणि चित्रपटाचा सूर मिसळलेला असतो. बोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. मांडवातला प्रेक्षक ज्या भाषेत रडतो, भांडतो, प्रेम करतो, त्या भाषेत रंगमंचावर प्रामुख्याने हसवले जाते. दुःख करावयाचे असेल तर त्याला दुसऱ्याची भाषा उसनी घ्यावी लागते. उपेक्षेचे हे रूप सौम्य वाटते. पण ते खोल आहे. आपल्या बोलीत शोकात्म काही घडू शकत नाही, हा धडा त्यातून रात्रभर गिरवला जातो.

परंतु येथेही दुसरी बाजू आहे. सोंगाड्याला लोकनाट्यात परंपरेने एक मुभा असते. नायकाला जे बोलता येत नाही, ते त्याला बोलता येते. बाख्तिन यांनी युरोपातील लोकोत्सवांच्या संदर्भात हास्याच्या ज्या उलटापालट घडविणाऱ्या शक्तीचे विवेचन केले, तिचा प्रत्यय झाडीपट्टीच्या विनोदी नटांच्या प्रयोगात येतो. पोलीसपाटील, पुढारी, साहेब यांची टोपी उडविली जाते ती बोलीतूनच. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. विनोदी भूमिकांसाठीच ते झाडीपट्टीत घरोघर ओळखले जातात. या रंगभूमीची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली ती तिच्या गंभीर नायकाच्या रूपाने नव्हे, बोलीतून हसविणाऱ्या नटाच्या रूपाने, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तथापि मुभा आणि अधिकार यांत भेद केला पाहिजे. मुभा देणारा तिला हवे तेव्हा काढून घेऊ शकतो. विनोदातून सत्य सांगता येते, पण ऐकणाऱ्याला हसून मोकळे होण्याची सोयही त्याच विनोदात असते. ज्याची टोपी उडविली तोही हसतो, आणि सकाळी तीच टोपी घालून ग्रामपंचायतीत जातो. हास्य सांगू देते. परंतु ऐकायला भाग पाडत नाही.

डॉ. बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडीबोलीच्या साहित्य संमेलनांची जी परंपरा उभी केली, तिचे महत्त्व या संदर्भात लक्षात येते. या संमेलनांनी बोलीला हशाच्या कप्प्यातून काढून कविता, कथा आणि चिंतन यांच्यासाठी वापरले. संमेलनात दंडार सादर होते तेव्हा शिकलेली मंडळी तिच्याकडे आदराने पाहू लागतात, हाही लाभ लहान नाही. धोका एवढाच, की आदराने पाहिली जाणारी वस्तू हळूहळू नमुना होते आणि नमुन्याला कोणी उत्तर देत नाही. शिवाय झाडीबोली हीसुद्धा या भूमीतील एकच बोली आहे. पोवारी आहे, गोंडी आहे. उपेक्षित बोलीच्या गौरवात तिच्याहून उपेक्षित बोली पुन्हा मागेच राहाव्यात असे होता कामा नये.

५

आतापर्यंतचे विवेचन मांडवापुरते मर्यादित होते. आता मांडवाबाहेर पाहणे अपरिहार्य आहे. कारण समूहनिष्ठ रंगभूमीचा दावा समूहाच्या जीवनाविषयीचा असतो, आणि त्याची कसोटी तेथेच लागते.

दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी आणि पुढे मंडईत गोवारी समाजाला मानाचे स्थान असते. गुरे राखणारा हा समाज. त्याची सजवलेली ढाल वाजतगाजत येते, तिच्याभोवती नाच होतो, आणि तिच्यावाचून मंडईला शोभा नाही असे गाव मानते. विधीच्या अवकाशात गोवारी केंद्रस्थानी असतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, म्हणजे दिवाळीनंतर तीन आठवड्यांच्या आत, याच समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीच्या सवलतींच्या मागणीसाठी नागपुरात विधिमंडळावर गेला. तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली; त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या समाजाच्या बाजूने निर्णय दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. वादाचा गाभा 'गोंड गोवारी' या यादीतील दोन शब्दांचा अर्थ हा होता. मंडईत ज्याची ओळख कोणी विचारत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक असते, त्याला आपली ओळख सिद्ध करण्यासाठी पंचवीस वर्षांहून अधिक काळ घालवावा लागला. नाचणारा म्हणून जो दिसतो, तो मागणारा म्हणून दिसेनासा होतो. विधीतील मान आणि सभेतील हक्क यांच्यातील हे अंतर लोककलेचा गौरव करणाऱ्या समीक्षेला सहसा जाणवत नाही.

दुसरी घटना याच जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावातील जमावाने ठार मारले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते; म्हणजे महिन्याभरातच पंचक्रोशीत मंडयांचा हंगाम सुरू झाला. या घटनेचा उच्चार आणि निषेध नोव्हेंबरमध्ये विदर्भाच्या रस्त्यांवर उसळला. तो उसळला दलित समाजाच्या स्वतःच्या बळावर. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी सहांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. दोन्ही न्यायालयांनी खून मानला. मात्र तो जातीच्या कारणाने झाला हे मानले नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. येथे न्यायनिर्णयाची चर्चा करावयाची नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच पाहावयाचे, की साक्ष दिली गेली, ती नोंदली गेली, तिच्यावर शिक्षाही झाली. आणि तरीही सांगणाऱ्याला जे मुख्यतः सांगावयाचे होते ते ऐकले गेले नाही. बोलणे आणि ऐकले जाणे या दोहोंतील अंतराचे याहून भीषण उदाहरण सापडणे कठीण आहे.

रंगभूमी खून थांबवू शकत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण शतकाहून अधिक काळ सर्व जातींना एका मांडवाखाली बसविणाऱ्या परंपरेने जातीविषयी एकत्र बोलण्याची सवय घडविली का, हे विचारणे अन्यायाचे नाही. उत्तर बव्हंशी नकारार्थी आहे, असेच म्हणावे लागते. मांडवातील नाटकाने गरिबी मांडली, स्त्रीचे दुःख मांडले, व्यसन मांडले. जात मात्र बहुधा प्रेमकथेतील अडथळा म्हणून आली, किंवा आलीच नाही. याचे कारण नाटककारांच्या भित्रेपणात शोधणे पुरेसे नाही. ज्या मंडळाने नाटक आणले त्याची घडण, ज्यांच्या तिकिटांवर खर्च निघावयाचा त्यांची संख्या, आणि सर्वांना एकत्र बसविण्याची अटच मुळी कोणती, यांत ते शोधावे लागेल. सर्वांनी एकत्र बसावे यासाठी कोणीच काही विषय काढू नयेत, असा एक अलिखित करार मांडवात असतो.

या कराराचे राजकीय प्रतिरूप याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९५४ साली डॉ. आंबेडकर भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. राखीव जागेवरील उमेदवारही सर्व मतदारांनी मिळून निवडावयाचा होता. दलितांच्या वतीने कोणी बोलावे हे दलितेतरांच्या बहुसंख्येने ठरवावयाचे, या संयुक्त मतदारसंघाच्या रचनेवरील त्यांचा आक्षेप पुणे कराराच्या काळापासूनचा होता. मांडवाची रचना याहून फारशी निराळी नाही. तेथेही उपेक्षिताचे कोणते बोलणे रंगमंचावर यावे हे एकूण समूह ठरवितो, आणि समूहाला जे सोसते तेवढेच वर येते.

६

याला पर्याय म्हणून जलशाची परंपरा दाखविता येईल. सत्यशोधक जलशाने तमाशाचा घाट घेऊन त्यातील आशय बदलला. आंबेडकरी जलशाने, विशेषतः १९३०नंतर भीमराव कर्डक आदी शाहिरांच्या फडांनी, त्याच घाटातून चळवळीचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. येथे बोलणारा स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शब्दांत बोलतो. जात येथे आडून येत नाही. विदर्भात ही परंपरा भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या रूपाने आजही जिवंत आहे. परंतु तिचा मांडव मुख्यतः वस्तीचा मांडव आहे. गावचा उरलेला भाग तेथे फारसा येऊन बसत नाही. ध्वनिवर्धकावरून आवाज त्याच्या कानावर पडतो एवढेच.

अशा रीतीने भंडारा जिल्ह्यात दोन सार्वजनिक अवकाश शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकात सर्व जाती बसतात, पण तेथे जातीविषयी बोलले जात नाही. दुसऱ्यात जातीविषयी बोलले जाते, पण तेथे सर्व जाती बसत नाहीत. उपेक्षितांचा आवाज बुलंद करण्याचा प्रश्न हा खरे तर या दोन मांडवांतील अंतराचा प्रश्न आहे. पहिल्या मांडवात ध्वनिवर्धक वाढवून तो सुटणार नाही आणि दुसऱ्या मांडवातील गीते अधिक प्रखर करूनही सुटणार नाही.

समूहनिष्ठ रंगभूमीच्या जागतिक विचारात या अंतराची जाणीव आहे. ब्राझीलचे आउगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या शोषितांच्या रंगभूमीत प्रेक्षकाला प्रयोग थांबवून स्वतः रंगमंचावर येण्याचा आणि प्रसंग वेगळ्या रीतीने घडवून पाहण्याचा अधिकार असतो. बंगालमधील 'जन संस्कृती' या संस्थेने ही पद्धत खेड्यांत राबविली आहे. आपल्याकडे अशा पद्धतींचा विचार होतो तेव्हा त्या बाहेरून आणाव्या लागतील असे सहसा मानले जाते. तसे मानण्याचे कारण नाही. खडी गंमतीच्या झगड्यात सवाल ऐकून जवाब देण्याचे बंधन आहेच. परसंगी दंडारीत जागच्या जागी बोलणे रचण्याची मोकळीक आहेच. एकात ऐकणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी आहे, दुसऱ्यात बोलणाऱ्यावर संहितेचे बंधन नाही. ही दोन तत्त्वे एकत्र आली तर काय होईल, याची कल्पना करता येते. सवाल पुराणातला असण्याऐवजी गावातला असावा : पाणवठ्याचा, मसणवट्याचा, गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या शेताचा. आणि तो ज्याला विचारला त्याने मांडवातच जवाब द्यावा. घाट तयार आहे. त्यात काय भरावयाचे हे धाडस मात्र घाटात नसते.

या विवेचनाचा समीक्षेच्या दृष्टीने एक निष्कर्ष निघतो. लोकरंगभूमीविषयी लिहिताना आपण संहितेतील आशय किती पुरोगामी आहे हे मोजतो, किंवा आविष्कार किती अस्सल आहे याचा गौरव करतो. हे दोन्ही निकष अपुरे आहेत. एखाद्या प्रयोगाने उपेक्षितांना आवाज दिला असे म्हणण्यापूर्वी निदान तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. बोलणारा कोणाच्या भाषेत बोलतो, आणि त्या भाषेला हसविण्याखेरीज आणखी काय करू दिले जाते? मांडव कोणी उभारला, आणि त्या उभारण्यात कोणत्या विषयांवर न बोलण्याची अट दडलेली आहे? आणि ऐकणाऱ्याला उठून जाण्याची, हसून मोकळे होण्याची जी सोय एरवी असते, तिच्याऐवजी उत्तर देण्याचे बंधन प्रयोगाच्या घाटात कोठे आहे का? या प्रश्नांची उत्तरे छापील संहितेत मिळत नाहीत. त्यांसाठी अभ्यासकाला मांडवात जाऊन बसावे लागेल, आणि रंगमंचाकडे पाठ करून काही काळ प्रेक्षकांकडे पाहावे लागेल.

विद्यापीठांतून झाडीपट्टीवर प्रबंध होऊ लागले आहेत ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांतील पुष्कळसा भाग प्रकार, वाद्ये, वेशभूषा यांच्या वर्णनात खर्ची पडतो. त्या वर्णनाची गरज आहेच. पण दंडारीचे प्रकार किती हे निश्चित केल्यावरही एक काम उरते : त्या रिंगणात कोण कधीच उभा राहिला नाही आणि कोणाच्या सवालाला आजवर जवाब मिळाला नाही, याची नोंद करण्याचे. मोहाडीच्या अवतीभवती दरवर्षी मंडई भरते आणि रात्रभर मांडव जागा असतो. त्या जागेपणाचा उपयोग कशासाठी होतो, हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. ते न विचारता केवळ त्याचे कौतुक करीत राहणे हे तिच्या कर्तव्यात बसत नाही.